टॅकेटचा बूट

फोर्ट नॉक्सच्या छावणीत सार्जंट व्हर्जिल टॅकेटचा ड्रायव्हर ओळखायला नाव विचारावं लागत नसे. आंघोळीच्या वेळी त्याचे खांदे बघायचे. दोन्ही खांद्यांवर बुटाच्या टाचेएवढे निळे डाग दिसले, की समजायचं हा टॅकेटचा माणूस.

यात टॅकेटच्या दुष्टपणाचा काही भाग नव्हता. रणगाड्याच्या पोटात असा काही खडखडाट असतो, की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग वर घुमटात उभ्या राहिलेल्या कमांडरने खाली पुढ्यात बसलेल्या ड्रायव्हरला सांगायचं कसं? पायाने! पाठीत बूट टेकवला, की चल. डाव्या खांद्यावर मारला, की डावीकडे वळ. उजव्यावर मारला, की उजवीकडे. आणि डोक्यावर ठेवला, की थांब बाबा. सगळ्या अमेरिकन फौजेत रणगाडे असेच चालायचे, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. फरक एवढाच, की बाकीचे सार्जंट बुटाबरोबर तोंडानेही ओरडायचे. टॅकेट कधी ओरडला नाही. त्याचं तोंड बंद आणि बूट बोलका.

पोरं म्हणायची, "सार्जंटच्या बुटाला व्याकरण येतं."

टॅकेट ओरडत का नसे, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. त्यासाठी पार मागे जावं लागेल, केंटकीतल्या एका तंबाखूच्या मळ्यावर.

तिथे आजोबांकडे डेल्फी नावाची एक खेचर-मादी होती. मोठी कजाग बया. टॅकेट पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तिच्यामागे नांगराला धरून चालायचा. त्या मुलखात खेचराला उजवीकडे वळवायचं तर "जी!" म्हणायचं आणि डावीकडे वळवायचं तर "हॉ!" म्हणायचं. पोराने ते आईच्या दुधाबरोबर उचललं म्हणा ना. चुकला तर डेल्फी स्वतःच थांबून मान वळवून बघायची, आणि तिचं ते बघणं फार अपमानाचं असायचं.

पुढे शाळा आली. टॅकेट डावखुरा. शाळेतल्या बाईंना डाव्या हाताने लिहिणारं पोर म्हणजे सैतानाचं पिल्लू वाटायचं. त्यांनी त्याचा डावा हात सरळ बाकाला बांधून टाकला आणि वर विचारत राहिल्या, "उजवा कुठला? सांग! डावा कुठला? सांग!" उत्तर दिलं तरी छडी, न दिलं तरी छडी. आता सांगा, लेकराच्या डोक्यात काय राहणार? त्या दोन शब्दांची अशी काही गुंतवळ झाली, की ती जन्मात सुटली नाही. हात बरोबर, पाय बरोबर, डोळे बरोबर. पण तोंडाने "डावा" म्हणायला जावं तर "उजवा" बाहेर पडावा, आणि कधी कधी बरोबरही पडावा, म्हणजे उलटं धरून चालण्याचीही सोय नाही. मला विचाराल तर त्या बाईंनाच एकदा बाकाला बांधायला हवं होतं.

मिसरूड फुटलं तसा तो घोडदळात शिरला आणि टेक्सासच्या सरहद्दीवर गेला. आता घोडदळ म्हणजे दिवसरात्र 'डावीकडे वळ, उजवीकडे वळ'. हा पठ्ठ्या तिथे टिकला कसा? तर घोड्याने टिकवला. बिस्किट नावाचा एक भुरा घोडा त्याला मिळाला होता, आणि फौजेत मुरलेल्या घोड्याला हुकूम माणसाआधी कळतात. बिगूल वाजला, हुकूम सुटला, की बिस्किट आपणहून वळायचा आणि टॅकेट वर ऐटीत बसून राहायचा. वरचे अधिकारी म्हणायचे, "वा, काय चपळ स्वार आहे!" हाताखाली माणसं आली तेव्हा तो हात लांब करून दिशा दाखवायला लागला. घोडदळात ती रीतच होती. अशी कितीतरी वर्षं गेली आणि गुपित घोड्याच्या पोटात राहिलं.

मग एका हिवाळ्यात हुकूम आला. घोडे जमा करा, पलटण केंटकीत जाणार, आता यंत्रं चालवणार. धटिंगण म्हणून नावाजलेली माणसं त्या दिवशी घोड्यांच्या मानेत तोंडं खुपसून रडली. टॅकेटही रडला. सगळे आपला घोडा गेला म्हणून रडत होते. टॅकेट आपला घोडा गेला म्हणून रडत होताच, पण आता माझ्यासाठी वळणार कोण, या धास्तीनेही रडत होता.

केंटकीत फोर्ट नॉक्सला येऊन बघतो तो काय, इथे बुटाची भाषा! टॅकेटचा जीव भांड्यात पडला. त्याच्या पायांना डावं-उजवं पक्कं ठाऊक होतं. घोड्याच्या बरगड्यांना गुडघे लावायचे तसा ड्रायव्हरच्या खांद्याला बूट लावायचा, झालं. तेव्हा कायदा असा होता, की रणगाडा हे हत्यार फक्त पायदळाचं. मग घोडदळवाल्यांनी आपल्या रणगाड्याला 'लढाऊ मोटार' असं नाव देऊन टाकलं आणि कायद्याकडे कानाडोळा करून ते खुशाल चालवायला लागले. टॅकेटला या नावांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने त्या मोटारीला खरारा करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. संध्याकाळी सगळे निघून गेले, तरी तो तिच्या पट्ट्यांतला चिखल खरवडत बसलेला असायचा.

"घरात बायको आहे हे ठाऊक आहे ना?" त्याची बायको ल्यूडी विचारायची. ती त्याच भागातली, छावणीबाहेर मलड्रॉच्या रस्त्याला त्यांचं घर होतं आणि मागे तिचा भाजीचा मळा.

"आहे की. म्हणून तर जेवायला येतो," टॅकेट म्हणायचा.

तिकडे युरोपात जर्मन रणगाड्यांनी फ्रान्स हां हां म्हणता गिळला आणि इकडे अमेरिकेत सगळ्यांची झोप उडाली. पायदळाचे आणि घोडदळाचे रणगाडे एकत्र करून चिलखती दल उभं राहिलं, आणि छावणीत सक्तीने भरती झालेल्या पोरांचे लोंढे यायला लागले. त्यातच टॅकेटच्या वाट्याला कॅझ आला. शिकागोचा पोलिश पोरगा, कोळशाचा ट्रक चालवलेला. खांदे असे रुंद, की टॅकेट पहिल्या दिवशी बघून म्हणाला, "वा! बूट ठेवायला जागा आहे."

कॅझ हुशार होता, आणि हुशार पोरांपासून फार काळ काही लपत नाही. एकदा रणगाडा शेडमध्ये बंद उभा असताना टॅकेटने त्याला सांगितलं, "तो डावीकडचा पाना दे." कॅझने डावीकडचा दिला. टॅकेट म्हणाला, "अरे, डावीकडचा!" आणि बोट उजवीकडे दाखवलं. कॅझने बोटाकडे बघितलं, सार्जंटच्या तोंडाकडे बघितलं, गपचूप उजवीकडचा पाना दिला आणि पुढे जन्मात त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. टॅकेटनेही काढलं नाही. पण त्या दिवसापासून बूट जरा हलका पडायला लागला. कॅझला ते खांद्यावर कळलं.

बरं चाललं होतं हो सगळं. आणि मग आतला फोन आला.

नव्या रणगाड्यात कमांडर आणि ड्रायव्हर दोघांच्या कानटोपात फोन बसवला होता. कमांडरने गळ्याशी धरलेल्या तबकडीत बोलायचं आणि ड्रायव्हरने ऐकायचं. ड्रायव्हरलाही तसंच उलट बोलता यायचं. शिवाय रेडिओचं बटण दाबलं, की तेच बोलणं इतर रणगाड्यांतही जायचं. पोरांनी आनंदाने उड्या मारल्या, खांदे वाचले म्हणून. टॅकेटने त्या तबकडीकडे असं बघितलं, जणू ती शाळेतल्या बाईंनीच पाठवली होती.

कंपनीचा कॅप्टन व्हिटलो, तरुण आणि शहरातला, पण मनाने चांगला. त्याने सगळ्या कमांडरांना फळ्यासमोर बसवलं.

"मागच्या लढाईत रणगाडा पायदळाच्या बरोबरीने चालायचा," तो म्हणाला. "माणसाच्या चालीने. तेव्हा बूट ठीक होता, झेंडे ठीक होते. आता तसं नाही. आता आपण शत्रूच्या समोर डोकं आपटत बसायचं नाही. सगळे मिळून, वेगात, वळसा घालून त्याच्या बगलेत घुसायचं. एका आवाजावर पाच रणगाडे एकदम वळले पाहिजेत. पाचांपैकी एक जरी भलतीकडे वळला, तर आपलेच रणगाडे एकमेकांवर आदळतील. कळलं? म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार तोफ नाही. तुमचा आवाज."

टॅकेट हळूच मागच्या बाकावर सरकला.

"पुढच्या आठवड्यात परीक्षा. प्रत्येकाने झेंड्यांनी आखलेल्या वाटेवरून रणगाडा तोंडी हुकमावर न्यायचा. रेडिओ चालू ठेवायचा, मी टेकडीवर बसून ऐकणार. ज्याला जमणार नाही, तो कोठारात जाईल."

कोठारात म्हणजे घोंगड्या मोजत बसायचं. पोरं हसली. टॅकेट हसला नाही. घोडा गेला, आता रणगाडाही जाणार, आणि माणूस घोंगड्यांत पुरला जाणार. घरी येऊन त्याने ल्यूडीच्या हातची मक्याची भाकरीसुद्धा अर्धी टाकली.

परीक्षेच्या सकाळी कॅझ रणगाड्यापाशी उभा होता. टॅकेट कानटोप घालत होता.

"सार्जंट," कॅझ इकडेतिकडे बघून म्हणाला, "तुम्ही तोंडाने काहीही म्हणा. बूट ठेवा नेहमीसारखा. मी बुटाचंच ऐकतो."

टॅकेटने त्याच्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलेलं होतं तर! शरमेने टॅकेटचे कान लाल झाले, पण त्या पोराला मिठी मारावी असंही त्याला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "चढ, गाढवा."

आणि रणगाडा निघाला. काय सुरेख गेला म्हणून सांगू! एका झेंड्याला धक्का नाही, एक वळण हुकलं नाही. बूट खाली आपलं काम करत होता आणि तोंड वर आपला गोंधळ घालत होतं. शेवटच्या झेंड्यापाशी थांबून टॅकेट घामाने निथळत खाली उतरला. त्याला वाटलं, निभावलं!

टेकडीवरून कॅप्टन खाली आला. पण तो टॅकेटकडे आलाच नाही. सरळ कॅझसमोर जाऊन उभा राहिला.

"तुला डावं-उजवं कळतं का रे?"

कॅझ सावधान उभा राहिला.

"सार्जंट डावीकडे म्हणाले, तू उजवीकडे वळलास. उजवीकडे म्हणाले, डावीकडे वळलास. पुन्हा पुन्हा! मी स्वतः ऐकलं, स्वतः बघितलं. वाट पाठ करून ठेवली होतीस ना? आणि कमांडरचा हुकूम गेला खड्ड्यात! असा ड्रायव्हर लढाईत स्वतः मरतो आणि बाकीच्यांनाही घेऊन जातो. काही सांगायचंय?"

कॅझने एकदाच, अगदी एकदाच, डोळ्याच्या कोपऱ्यातून टॅकेटकडे बघितलं.

"नाही, सर."

"स्वयंपाकघरात हजर हो. रणगाड्याला पुन्हा हात लावायचा नाही." मग तो टॅकेटकडे वळला. "आणि तुम्ही, सार्जंट... मला थोडं नवल वाटलं तुमच्या हुकमांचं. पण अशा ड्रायव्हरबरोबर कोणाचाही गोंधळ उडेल. दुसरा ड्रायव्हर देतो, पुन्हा परीक्षा द्या."

आणि टॅकेट, ज्याने रिओ ग्रांदेच्या काठावर गोळ्या झेलल्या होत्या तो टॅकेट, मूग गिळून उभा राहिला. तोंड उघडलंच नाही. मेल्या शब्दांनी आयुष्यभर दगा दिला, आणि जेव्हा त्यांची खरी गरज होती तेव्हा ते आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणात कुस्करलेले बटाटे होते. टॅकेटने घास तोंडात घातला. तेवढ्यात त्याला पलीकडे, वाफेच्या आड, बादलीवर बसून बटाटे सोलणारे ते रुंद खांदे दिसले. घास तोंडातच फिरायला लागला. त्याने ताट सारलं, टोपी उचलली आणि तडक कॅप्टनच्या खोलीत गेला.

"सर, त्या पोराची काही चूक नाही. त्याला डावं-उजवं कळतं. मला कळत नाही."

कॅप्टनला आधी वाटलं, सार्जंटने दुपारीच बर्बन व्हिस्की चढवली आहे.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तोंडाने कळत नाही, सर."

"उजवा हात वर करा."

टॅकेट उभा राहिला. हात हलेनात. त्याने खाली बुटांकडे बघितलं. बुटांना ठाऊक होतं, पण बुटांना विचारायला वेळ लागतो. कपाळावर घाम जमला. शेवटी त्याने एक हात वर केला, आणि कॅप्टनच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं की तो डावा आहे.

कॅप्टन हसला नाही, हे त्याचे उपकारच म्हणायचे. हळूच खुर्चीत बसला.

"इतकी वर्षं सैन्यात आहात तुम्ही. घोडदळात कसं चाललं?"

"घोडा होता, सर."

"आणि नंतर?"

"नंतर हा पोरगा होता, सर."

बाहेर कोणीतरी शीळ घालत चाललं होतं.

"पोराला परत रणगाड्यावर पाठवतो," कॅप्टन म्हणाला. "पण तुम्हाला मी रणगाडा देऊ शकत नाही, टॅकेट. तुमच्या एका शब्दावर तुमच्या तुकडीचे पाच रणगाडे वळणार आहेत. तुम्हीच सांगा, देऊ?"

"नाही, सर," टॅकेट म्हणाला. "मीसुद्धा दिला नसता."

शनिवारी त्याला ल्यूडीला सांगावंच लागलं. ती मळ्यात सलगमासाठी जमीन तयार करून घेत होती. शेजाऱ्याचं खेचर मागून आणलं होतं आणि नवऱ्याला नांगराला जुंपलं होतं. शाळेतल्या बाईंपासून सगळं सांगितल्यावर ती बांधावर बसून भडकली.

"कोठारात? घोंगड्या? आणि मला आत्ता सांगतोस? आणि हे डाव्या-उजव्याचं काय नवीन काढलंस? इतकी वर्षं संसार केला, मला वाटायचं तू माझं ऐकत नाहीस म्हणून भलत्याच कपाटात शोधतोस!"

"ऐकायचो गं. सापडायचं नाही."

"देवा रे! आणि मी उगाच इतकी वर्षं तुझ्याशी भांडले."

त्याने नांगर उचलला. "जी!" खेचर उजवीकडे वळलं. सरी संपली. "हॉ! हॉ गं बाई, हॉ!" खेचर डावीकडे वळलं. पुन्हा जी, पुन्हा हॉ. ल्यूडी बांधावर बसून फणफणत होती, आणि फणफणता फणफणता एकदम गप्प झाली.

"व्हर्जिल, थांब. पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता खेचराला काय म्हणालास ते. आता त्या झाडाकडे वळव बरं. आता कुंपणाकडे."

"जी. हॉ. हॉ. जी." टॅकेट वैतागला. "अगं, झालंय काय तुला?"

"एकदासुद्धा चुकला नाहीस, मठ्ठा!" ल्यूडी उठून उभी राहिली. "डोकं बिघडलंय ते शाळेत गेल्यावर. हे तर त्याच्याही आधीचं आहे!"

टॅकेट नांगराला धरून तसाच उभा राहिला. खेचराने मान वळवून बघितलं, अगदी डेल्फीसारखं.

सोमवारी तो कॅप्टनपुढे उभा होता. कॅप्टनने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळले.

"सार्जंट, मी चिलखती दल उभारतोय की खेचरांचा बाजार?"

"सर, माझ्या पाच रणगाड्यांतली पोरं बघा. केंटकी, टेनेसी, इंडियाना. सगळी नांगरामागे वाढलेली. झोपेतसुद्धा वळतील. एक कॅझच काय तो शहरातला."

"आणि तोच तुमचा ड्रायव्हर." कॅप्टन थोडा वेळ पेन्सिल आपटत बसला. "ठीक आहे. एकदाच. पाचही रणगाडे, तुमच्या आवाजावर. आणि एक अट. बूट काढायचे. बूट माझ्याजवळ टेकडीवर राहतील, आणि तुम्ही वर मांडी घालून बसायचं. पाय त्या पोराला लागला, की खेळ खलास."

आता कॅझचं शिक्षण आलं. ल्यूडीने त्याला मळ्यावर बोलावून तळलेली सफरचंदाची पुरी खाऊ घातली आणि मग खेचराबरोबर उभं केलं. टॅकेट म्हणाला, "जी!" खेचर वळलं, कॅझ नाही. टॅकेट म्हणाला, "हॉ!" कॅझ वळला, पण खेचरावर आदळला.

"सार्जंट, हे जनावर मला हसतंय."

"हसू दे. ते तुझ्या आधी सैन्यात घेण्यासारखं आहे."

मधल्या विसाव्यात टॅकेटने त्याला शाळेतल्या बाईंची गोष्टही सांगून टाकली. संध्याकाळपर्यंत कॅझचे गुडघे चिखलाने भरले होते, पण तो खेचराच्या बरोबरीने वळत होता. "आईला कळवतो," तो म्हणाला, "की मला सैन्यात बढती मिळाली. आधी घोडा होतो, आता खेचर झालो." ल्यूडीने त्याला आणखी एक पुरी दिली.

परीक्षेच्या दिवशी सगळी कंपनी बघायला लोटली. टॅकेटने बूट काढले, आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला तेव्हा तर जत्राच झाली. कॅप्टनने बूट नाडीला धरून उचलले आणि टेकडीवर नेले. टॅकेट घुमटात मांडी घालून बसला. अशा अवस्थेत कोणी लढाईला निघाला नसेल. गळ्याशी तबकडी धरली. त्याने डोळे मिटले आणि समोर आजोबांचं शेत आणलं.

"चल गं, डेल्फी."

पाचही रणगाडे हलले. मैदानात धूळ उठली.

"जी!" पाचही उजवीकडे. "सरळ, सरळ... हॉ!" पाचही डावीकडे, जसे एकाच दोरीला बांधलेले. "पाय उचला रे, आळशांनो! जी! अजून जी!" टॅकेटचा आवाज असा सुटला होता, की त्याला स्वतःलाच ओळखू येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडातून निघालेली दिशा आणि समोर वळणारी दिशा एक होती. त्याचे डोळे भरून आले, आणि ते धुळीमुळे नव्हे.

आणि इथेच घात झाला. शेवटचं वळण, समोर ओढा, बगलेत शिरायची अरुंद वाट. टॅकेट इतका रंगात आला, की इतकी वर्षं ऐकलेला सैन्यातला शब्द तोंडावर आला आणि तो ओरडला, "डावीकडे!"

पाचही रणगाडे एक क्षण लटपटले. टेकडीवर कॅप्टन उठून उभा राहिला. टॅकेटचा पाय, तो बिनबुटाचा अंगठा बाहेर आलेला पाय, आपोआप सुटला आणि खाली कॅझच्या खांद्याकडे निघाला. वीतभर अंतर राहिलं असेल. टॅकेटने दोन्ही हातांनी आपलाच पाय धरला आणि मागे ओढला.

कानात कॅझचा आवाज आला, अगदी शांत. "सार्जंट, हे शाळेतल्या बाईंचं आहे, की खेचराचं?"

टॅकेटने श्वास घेतला.

"बाईंचं! खेचराचं ऐका रे! जी! जी, डेल्फी, जी!"

आणि पाचही रणगाडे ओढ्याच्या काठावरून उजवीकडे वळले आणि त्या वाटेत असे घुसले, की टेकडीवरची पोरं टोप्या उडवायला लागली.

कॅप्टन गाडीने टेकडीवरून खाली आला. हातात बूट होते. टॅकेट मोज्यांवर सावधान उभा राहिला.

"सार्जंट, माझ्या कंपनीत डेल्फी नावाचा कोणी शिपाई नाही."

"नाही, सर. वारली ती. फार पूर्वी."

"हं." कॅप्टनने बूट पुढे केले. "तुमच्या पाच रणगाड्यांत हीच भाषा चालेल. इतर कोणी बोलायची नाही. आणि ही गोष्ट वर कोणी विचारली, तर मी म्हणेन की ही आमची गुप्त सांकेतिक भाषा आहे." तो जायला वळला आणि थबकला. "तो पाय मागे ओढलात ना, ते मी दुर्बिणीतून बघितलं. तेवढ्यावरच तुम्ही पास झालात. नवे मोजे मात्र कोठारातून घ्या."

पोरं पांगली. रणगाडे शेडकडे न्यायचे होते. कॅझ खाली आपल्या जागी बसला होता. टॅकेट बूट चढवून वर घुमटात उभा राहिला. तबकडी गळ्याला होती, फोन चालू होता, बोलायला काही अडचण नव्हती. पण कॅझला पाठीवर बूट टेकलेला जाणवला. लाथ नव्हती, ढोसणं नव्हतं. नुसता टेकवलेला.

"सार्जंट, आता फोन आहे की," कॅझ म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

कॅझने गियर टाकला. शेडपर्यंतची वाट सरळ होती, कुठे वळायचं नव्हतं, तरी बूट तिथेच राहिला. आणि शिकागोच्या रस्त्यांवर कोळशाचा ट्रक भरधाव हाणणारा तो पोरगा त्या दिवशी रणगाडा अगदी सावकाश घेऊन गेला.